बाबांचं एटीएम कार्ड माझ्या पर्समध्ये आहे

(पुण्याहून आलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतेय.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. वडील ७९ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आई चार वर्षांपूर्वी गेली, त्याच सुमाराला बाबांनी ताईंच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) करून दिलं. अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर्स सांगितला. दोन वर्षं घरीच सांभाळलं, मग बाबा रात्री दार उघडून निघून जायला लागले आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांना डिमेन्शिया केअर सेंटरमध्ये ठेवलं. पेन्शन ३८ हजार, सेंटरची फी ४५ हजार, औषधं-डायपर-डॉक्टर मिळून ९ हजार, बंद फ्लॅटचा मेंटेनन्स साडेतीन हजार. बाबांचं एटीएम कार्ड आणि मोबाइलचं सिम ताईंकडे आहे. पेन्शन त्या काढतात आणि कमी पडणारे १९-२० हजार दर महिन्याला स्वतःच्या पगारातून घालतात, हे नवऱ्याला नीट सांगितलेलं नाही. बाबांच्या एकट्याच्या नावावर २२ लाखांच्या एफडी आहेत, मुदत संपली की आपोआप रिन्यू होतात, ताई नॉमिनी आहेत पण बँक हात लावू देत नाही. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, मुखत्यारपत्र आहे ना, फ्लॅट विकून टाक. चुलतभाऊ म्हणतो, काका सही करतायत तोवर बक्षीसपत्र नाहीतर मृत्युपत्र करून घे, 'फ्लॅट पोरीला' असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होतेच. गावाकडचे काका जमिनीच्या वाटणीच्या कागदावर बाबांची सही मागतायत. ताई लिहितात, 'बाबांचं कार्ड मशीनमध्ये घालताना मी मागे वळून बघते, कुणी ओळखीचं तर नाही ना. चोरी केल्यासारखं वाटतं. मी काय करू?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात जास्त ओळी तुम्ही फ्लॅटवर लिहिल्यात पण माझ्या मनात राहिलं ते शेवटचं, मागे वळून बघणं. मी २८ वर्षं एका सहकारी बँकेत काउंटरला होते, आणि तशा मागे वळून बघणाऱ्या मुली आणि सुना मी खूप बघितल्यात, त्यातली एकही चोर नव्हती. खरं सांगायचं तर जे गडबड करायला येतात ते कधी मागे बघत नाहीत, ते हसत हसत येतात, 'मॅडम, वडिलांचा अंगठा घ्यायचाय, गाडीत बसलेत' म्हणतात.

तर आधी हे मनातून काढा. ते पैसे बाबांचे आहेत आणि बाबांवर खर्च होतायत, यात चोरी कुठे आली? उलट तुमच्या पत्रात मला दुसरीच एक गोष्ट खटकली. पेन्शन बाबांची, एफडी बाबांच्या, फ्लॅट बाबांचा, आणि तरीही दर महिन्याला १९-२० हजार तुमच्या पगारातून जातायत आणि ते तुम्ही घरात लपवताय. का? तुम्ही लिहिलंय, 'मुलीने हिशेब मांडायचा म्हणजे परकं वाटतं.' मला वाटतं सगळ्या गोष्टीची गाठ इथेच बसलीय. आपल्याकडे आईवडिलांचा पैसा म्हणजे पुढे मुलांचा होणारा पैसा असं आपण नकळत धरून चालतो, आणि मग तो त्यांच्यावर खर्च करताना आपलाच हात आखडतो, जणू उद्याच्या वारसांचं काहीतरी कमी होतंय. तुमच्या बाबांनी धरणांच्या कामावर उन्हातान्हात नोकरी करून हे पैसे साठवले ते कशासाठी, म्हातारपणासाठीच ना? मग हे तेच म्हातारपण आहे.

आता जरा आकडे मांडू, कारण माझा अनुभव असा की घरात भांडण फ्लॅटवरून होतं पण कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलेलं नसतं. खर्च ४५ अधिक ९ अधिक साडेतीन, म्हणजे साडेसत्तावन्न हजार. पेन्शन ३८. खड्डा साडेएकोणीस हजारांचा. २२ लाखांच्या एफडीवर ७ टक्के धरले तर वर्षाला १ लाख ५४ हजार, म्हणजे महिन्याला जवळपास १२,८०० रुपये. म्हणजे नुसत्या व्याजानेच खड्डा दोन तृतीयांश भरतो! मी पुढची वर्षंही मांडून बघितली, खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला आणि पेन्शन ४ टक्क्यांनी असं धरलं, तरी मुद्दल हळूहळू वापरत गेलं तर साधारण ७ वर्षं निघतात, आणि यात फ्लॅटला बोटही लावलेलं नाही. फ्लॅट भाड्याने गेला तर मग प्रश्नच नाही. तेव्हा भाऊ म्हणतो तशी फ्लॅट विकायची घाई मला तरी दिसत नाही, तुमची खरी अडचण आहे ती एफडीच्या कुलुपाची.

हे कुलूप नॉमिनी असून उघडत नाही, कारण नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. बाबा हयात आहेत तोवर तुम्ही नॉमिनी असून त्या एफडीच्या बाबतीत शेजारणीइतक्याच लांबच्या. बँकेवर चिडू नका, काउंटरवरच्या मुलीचा त्यात दोष नाही, मीही त्या खुर्चीत बसून कितीतरी जणांना नाही म्हटलंय आणि घरी येऊन जेवण गेलं नाही असे दिवस काढलेत.

मुखत्यारपत्राचं तर जवळजवळ सगळ्यांचाच गैरसमज आहे, भावाला दोष देऊ नका. आपल्याला वाटतं की वडिलांना कळेनासं झालं की ते कामाला येईल, त्यासाठीच तर केलं होतं. पण कायदा नेमका उलटा आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की ज्याने अधिकार दिला तो माणूस वारला किंवा त्याची मनाची स्थिती बिघडली की दिलेला अधिकार संपला. काही देशांत असं मुखत्यारपत्र करता येतं की जे माणसाची समज गेल्यावरही चालू राहतं, आपल्याकडे तशी सोय कायद्यात नाही. म्हणजे बाबा धडधाकट असताना केलेला तो कागद तेव्हा खरा होता, आज त्याच्यावर फ्लॅट विकता येत नाही. एजंट म्हणेल, 'ताई, चालतं, सगळे करतात.' होतंही असेल कुठेकुठे. पण दुय्यम निबंधकाकडे मुखत्यारपत्रावर दस्त नोंदवताना त्याच्यासोबत एक घोषणापत्र लावतात, एक पान असतं, एजंट पटकन सही करा म्हणतो आणि आपण करतो. ते एकदा वाचा. त्यात तुम्ही लिहून देता की हे मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली शिक्षेला मी पात्र राहीन. सही तुमची असणार ताई, भावाची नाही, आणि एजंटची तर नाहीच नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर ज्या बिचाऱ्या कुटुंबाने कर्ज काढून ते घर घेतलं तेही तुमच्याबरोबर कोर्टात फिरतील.

चुलतभावाचं म्हणणं अजून नाजूक आहे, कारण त्यात तुमचा फायदा आहे आणि बाबा खरंच तसं बोलले होते. मुलांच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे (वर स्थानिक अधिभार वगैरे वेगळे), त्यामुळे हा मार्ग सगळ्यांना सोपा वाटतो. पण सही येणं आणि कशावर सही करतोय ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया होता. शेवटच्या वर्षात त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण हातात पेन दिलं की पेपरच्या कडेला, किराण्याच्या पावतीवर, एकदा तर माझ्या लेकाच्या भूगोलाच्या वहीवर त्यांनी तीच ती वळणदार इंग्रजी सही केली होती, खाली दोन रेघा आणि एक टिंब, ४० वर्षं ऑफिसात केली तशीच्या तशी. सही सगळ्यात शेवटी जाते. ती हाताची सवय असते, तिच्यामागे मन असतंच असं नाही. मी ती वही अजून ठेवलीय. आणि म्हणून सांगते, बाबा सही करतायत तोवर करून घे, हे वाक्य पुन्हा कुणी म्हणालं तर विषय तिथेच थांबवा.

मृत्युपत्राबद्दल कायदा थोडा वेगळा आहे, भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ५९ प्रमाणे एरवी समज नसलेला माणूसही ज्या काळात भानावर असतो त्या काळात मृत्युपत्र करू शकतो. पण अडीच वर्षांपूर्वीचं निदान, केअर सेंटरमधला मुक्काम, आणि ज्या मुलीला फ्लॅट मिळणार तिनेच वकील बोलावलेला, असा कागद कोर्टात टिकवणं किती कठीण जाईल विचार करा. आणि टिकला तरी भाऊ टिकेल का? मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत तुम्ही आणि भाऊ सारखे वारस आहात, मुलगी म्हणून तुमचा वाटा एक पैशानेही कमी नाही. 'फ्लॅट पोरीला' हे बाबा बोलले होते ते भावाला आठवत असेल तर तो पुढे मान ठेवेल, नसेल ठेवायचा तर आत्ता घाईत घेतलेली सही त्याच्या मनात आयुष्यभर सलेल. बाकी बाबांनी आधीच कधी मृत्युपत्र करून ठेवलंय का हे कपाटात, फाइलींत, त्यांच्या जुन्या मित्रांकडे नीट शोधा, सरकारी नोकरीतली ती पिढी व्यवस्थित असायची.

(जाता जाता इतर बहिणींसाठी, कारण अशी पत्रं खूप येतात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या घरावरचं हक्कसोडपत्र कुणी पुढे केलं तर सही करायच्या आधी एवढंच विचारा की जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडायचा कसा. मग वकिलाकडे जा.)

मग मार्ग काय? मार्ग आहे हायकोर्टाचा, आणि हा शब्द ऐकून घाबरू नका. आधी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता, त्यात अशा माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला पालक किंवा व्यवस्थापक नेमायची सोय होती. त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, उपचारांच्या दृष्टीने तो चांगला आहे, त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. पैशाअडक्याचं, घराचं त्यात काही ठेवलंच नाही. ही फट राहिली आणि त्यात हजारो घरं अडकलीत. २०१७-१९ च्या आसपास देशभर मोठं सर्वेक्षण झालं होतं, त्यातून ६० वर्षांवरच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या घरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक साधा अर्ज असायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. तो होईपर्यंत लोक राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करतात, की ज्यांना स्वतःचं बघता येत नाही त्यांचं पालकत्व कोर्टाने घ्यावं आणि आमच्यापैकी कुणाला तरी नेमावं. कोमातल्या पेशंटसाठी केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये याबद्दल सविस्तर सूचना दिल्यात, आणि आपल्या मुंबई हायकोर्टानेही बायकोला, मुलांना असं पालक नेमलेलं आहे.

होतं कसं ते सांगते. तुम्ही अर्ज करता, त्यात बाबांचा आजार, डॉक्टरांचे कागद, मालमत्तेची पूर्ण यादी, महिन्याचा खर्च आणि सगळ्या वारसांची नावं देता. कोर्ट साधारणपणे सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून बाबांची तपासणी करून रिपोर्ट मागवतं, कधी कुणा अधिकाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगतं. भावाची संमती असेल तर काम फार सोपं होतं, त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवायचं. दोघांना मिळूनही पालक नेमायला सांगता येतं. ऑर्डरमध्ये कोर्ट लिहितं की कुठली खाती चालवायची, कशासाठी पैसे वापरायचे, हिशेब कधी द्यायचा, आणि घर विकायचं असेल तर बहुतेक वेळा वेगळी परवानगी घ्यावी लागते. ही ऑर्डर दाखवली की एफडी मोडता येते, व्याज दर महिन्याला खात्यात घेता येतं, फ्लॅटच्या लीव्ह अँड लायसन्सवर बाबांच्या वतीने तुम्हाला सही करता येते. आणि मागे वळून बघायचं थांबतं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

काही महिने लागतील, वकिलाची फी लागेल, आणि हा खर्चही बाबांच्याच कामाचा असल्यामुळे नंतर त्यांच्या पैशातून घ्यायची परवानगी अर्जातच मागायला वकिलाला सांगा. फी परवडत नसेल तर कुठल्याही बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. पुण्याचं प्रकरण मुंबईला जातं, पण सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यांचा फेरा वाचलाय.

ऑर्डर येईपर्यंतचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. सरळ सांगते, दुसऱ्याचं कार्ड आणि पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. आणि सेंटरची फी थांबवा असंही मी सांगू शकत नाही, बाबांना जेवायला तर रोज लागतं. एवढं मात्र करा. रोख काढणं शक्य तितकं बंद करा, कारण रोख कुठे गेली हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येत नाही. फी, औषधं, मेंटेनन्स यांची पावती बाबांच्या नावाने घ्या, पैसे बाबांवरच खर्च झालेत हे कागदावरून दिसलं पाहिजे. याचिकेत हे लपवू नका, आतापर्यंत पेन्शन अशी वापरली आणि हा हिशेब, असं वकिलामार्फत आपणहून मांडा. शाखेच्या मॅनेजरला भेटून बाबांची परिस्थिती लेखी कळवायची का आणि कधी, हे वकिलाला विचारून ठरवा, कारण कळवल्यावर बँक खातं सावधगिरीने थांबवू शकते. आणि अंगठ्याचं म्हणाल तर, हाताने सही करता येत नाही अशा आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, असा घ्यायची पद्धत आहे, पण ती शरीर थकलेल्या, मन जागं असलेल्या माणसासाठी आहे. बाबांच्या बाबतीत तो रस्ता धरू नका.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका, तो चुकला की पेन्शन थांबते. राज्य सरकारच्या पेन्शनरांच्या याद्या कोषागारातून बँकेत येतात, त्यावर सही करायला तिथे जाता येत नसेल तर जीवन प्रमाणचा, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतो, त्यासाठी सेंटरमध्ये फोन घेऊन जा. त्यात डोळे मिटून उघडायला सांगतात, बाबा ऐकतील असं नाही. सकाळी, अंघोळ-नाश्ता झाल्यावर करा, संध्याकाळी अजिबात नको, डिमेन्शियाची माणसं दिवस कलला की जास्त बिथरतात. नाहीच जमलं तर बँकेच्या माणसाला तिथे पाठवायची विनंती करा.

आता भाऊ. तुम्ही लिहिलंय 'त्याला काय, लांबून सांगायला काय जातंय.' असेल तसंही. पण एक विचारू? त्याला महिन्याचा खर्च आकड्यात कधी कळवलाय? तुम्ही पदरचे २० हजार घालताय हे त्याला माहीत आहे? नसेल तर त्याच्या दृष्टीने चित्र एवढंच आहे की बाबांचं सगळं बहिणीच्या हातात आहे, पैसे कमी पडतायत असं ती म्हणते आणि फ्लॅट रिकामा पडलाय, मग तो विकून टाक म्हणणारच. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. सासऱ्यांचं करताना आम्ही काहीच लिहून ठेवलं नाही, आपलेच तर आहेत, कुणाला दाखवायचंय, असं वाटलं. ते गेल्यावर नणंदेने एकदाच विचारलं, 'बाबांच्या पोस्टातल्या पैशांचं काय झालं गं?' साधा प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही, कारण ते पैसे रात्रीच्या आयाला, एअर बेडला, दोन वेळच्या हॉस्पिटलला गेले होते आणि एकही पावती नव्हती. मला तो आरोप वाटला, तिला माझं चिडणं म्हणजे लपवाछपवी वाटली, आणि तीन वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी गेलो नाही. तिच्या मुलीच्या साखरपुड्यालाही नाही.

म्हणून वही घाला. साधी लांब वही, डावीकडे बाबांचे आले ते, उजवीकडे गेले ते, आणि शेवटी वेगळ्या पानावर तुम्ही पदरचे किती घातले ते तारखेसकट. ते परत घ्यायचे की नाही हे नंतर ठरवा, पण लिहा. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पानांचे फोटो भावाला पाठवा, त्याने बघितले नाहीत तरी पाठवा, आणि नवऱ्यालाही दाखवा, ही लपवालपवी तुम्हाला आतून खातेय. हीच वही उद्या कोर्टाला द्यायचा हिशेब होईल. आणि भावाला सरळ विचारा, ऑर्डर येईपर्यंत या खड्ड्यातला अर्धा तू घालशील का. मागितल्याशिवाय कसं कळणार त्याला?

काकांच्या वाटणीपत्राला तूर्तास एकच उत्तर, 'बाबांना कळत नाही, कोर्टाची ऑर्डर आल्यावर बघू.' गोड बोलून सांगा, गावचं नातं आहे. पण सातबारा ऑनलाइन काढून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा, फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात, ती बंद फ्लॅटच्या दाराखाली पडून राहायला नको. फ्लॅटवर येणारी टपाल उचलायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

ज्यांच्या घरी आत्ता कुठे सुरुवात आहे, म्हणजे आई एकच गोष्ट चारदा विचारतेय, बाबा बिल भरायला विसरतायत, त्यांच्याशी दोन शब्द. आधी डॉक्टरांकडे जा, कधीकधी बी-१२ किंवा थायरॉइडची गडबड निघते आणि माणूस सुधारतो. डिमेन्शियाच निघाला तरी पहिल्या टप्प्यात माणसाला बरंच कळतं आणि तेच ते दिवस असतात की ज्यात त्याने स्वतः ठरवायचं. खाती आणि एफडी त्यांच्या राजीखुशीने जॉइंट करा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एक, किंवा मागे राहील तो) लिहून, लॉकरलाही दुसरं नाव घाला, मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा आणि ज्याला मिळणार तो खोलीबाहेर बसू द्या. हा विषय काढायला लाज वाटते, मला माहितीये, 'आमच्या मरणाची वाट बघताय का' असं ऐकावं लागतं. मी तर सुचवेन की स्वतःपासून सुरुवात करा, 'आई, मी माझं मृत्युपत्र करतेय, तू पण येतेस का?' पुष्कळदा येतात. आणि कुणाशी बोलायचं ते सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

ताई, शेवटची एक गोष्ट, ती पैशाचीच आहे. तुम्ही लिहिलंय की बाबा सारखा शर्टाचा खिसा चाचपतात आणि मग चिडतात, सेंटरवाल्यांना वाटतं गोळी बदलावी लागेल. डॉक्टरांना जरूर विचारा. पण ज्या माणसाने ५०-६० वर्षं खिशात पाकीट ठेवलं त्याचा खिसा आपण एका दिवसात रिकामा केलाय. आमच्याकडे सासऱ्यांचं असंच व्हायचं. फ्लॅट विकायचा का हे बाबांना विचारून उपयोग नाही, पण खिशात काय हवंय हे त्यांना अजून कळतंय. तर पुढच्या वेळी फ्लॅटवर जाल तेव्हा त्यांचं जुनं पाकीट शोधा, नवीन नको, तेच, आणि सेंटरमध्ये विचारून त्यात दहा-दहाच्या सात-आठ नोटा आणि आईचा छोटा फोटो घालून त्यांच्या खिशात ठेवा. मग तिथल्या अंगणात दोन चहा मागवा आणि पैसे त्यांना देऊ द्या. नोटा मोजायला वेळ लागेल, चुकतीलही. लागू दे वेळ.